अडीच लाखांचें द्विजत्व

आमच्या सुशिक्षित व सुस्थित कुटुंबांतून अलीकडे एक नवीन विषय बोलण्यांत येऊं लागला आहे. पूर्वीं मुलाचें शिक्षण, मुलीचें लग्न आणि पेन्शनीनंतरचें घर या तीन चिंतांभोंवतीं मध्यम वर्गाचें संभाषण फिरत असे. आतां, ज्यांच्याजवळ चार पैसे अधिक जमले आहेत त्यांच्यापुरती, त्यांत 'दुसऱ्या नागरिकत्वा'ची चौथी चिंता येऊन मिळाली आहे. कॅरिबियन समुद्रांतील एखाद्या बेटाचें नागरिकत्व विकत घ्यावें, म्हणजे सरकारची, शेजाऱ्यांची, वर्तमानपत्रांची व प्रसंगीं आप्तेष्टांचीहि नजर चुकवितां येते, आणि आयुष्याची पाटी पुसून पुन्हां श्रीगणेशा काढतां येतो, असें हें मत थोडक्यांत आहे. या मताचे कैवारी तें निव्वळ सोयीची गोष्ट म्हणून मांडते, तर त्याकडे लक्ष देण्याचें कारण नव्हतें. माणसें पैसे खर्चून याहूनहि निरुपयोगी वस्तु घेत असतात. परंतु ते तें तत्त्व म्हणून मांडतात. खासगीपणा हा मनुष्याचा स्वाभाविक हक्क आहे. चुकलेल्यास नव्यानें आरंभ करतां आला पाहिजे. आणि जन्म कोठें व्हावा हें कोणाच्याच हातीं नसल्यामुळें राष्ट्र निवडण्याची मोकळीक प्रत्येकास असावी, या तीन विधानांवर त्यांनीं आपली इमारत उभारली आहे. यांपैकीं पहिलीं दोन विधानें आम्हांस सर्वस्वीं मान्य आहेत व तिसरेंहि बऱ्याच अंशीं मान्य आहे. तीं मान्य आहेत म्हणूनच हा व्यापार आम्हांस त्याज्य वाटतो.

व्यापार हा शब्द आम्ही रागानें वापरीत नाहीं. सेंट किट्स व नेव्हिस हें दोन बेटांचें राष्ट्र १९८३ सालीं ब्रिटिश सत्तेंतून मुक्त झालें, आणि १९८४ सालींच त्यानें पैसे गुंतविणाऱ्या परकीयांस नागरिकत्व देण्याची तरतूद आपल्या कायद्यांत करून घेतली. वस्ती सुमारें पन्नास हजार, म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गांवाएवढी. शतकानुशतकें साखरेवर जगलेल्या या देशाचा साखरेचा धंदा २००५ सालीं बंद पडला, आणि मग तो या दुसऱ्या पिकाकडे अधिक नेटानें वळला. डोमिनिका, अँटिग्वा, ग्रेनाडा व सेंट लुशिया या शेजारच्या बेटांचाहि हाच व्यवसाय आहे. सेंट किट्सनें २०२३ सालीं किमान देणगी अडीच लाख अमेरिकन डॉलर केली. बेटांना आम्ही फारसा दोष देत नाहीं. ज्यांच्या पूर्वजांना गुलाम करून उसाच्या मळ्यांत राबविण्यांत आलें, त्यांनीं वादळानें मोडलेलीं घरें बांधण्यापुरता पैसा जगांतील श्रीमंतांकडून काढला, तर त्यांत शहाणपणच आहे. आमचा वाद विकणाऱ्याशीं नाहीं, घेणाऱ्याशीं आहे. आणि त्याच्या खरेदीस तत्त्वज्ञानाचा मुलामा देणाऱ्याशीं तर विशेषच आहे.

कोणाशीं वाद नाहीं, हेंहि सांगून टाकलें पाहिजे. २०२२ या एका वर्षीं सव्वादोन लाखांहून अधिक भारतीयांनीं आपलें नागरिकत्व सोडलें, अशी माहिती सरकारनें संसदेंत दिली आहे. परदेशांत वीस वीस वर्षें नोकरी करून, तेथें कर भरून, मुलें तेथल्या शाळेंत घालून जीं माणसें अखेर त्या देशाचीं होतात, त्यांच्याविषयीं आमची तक्रार नाहीं. १९६१ पूर्वीं पोर्तुगीज अमलांत जन्मलेल्या गोमंतकीयांचीं मुलें-नातवंडें लिस्बनच्या दप्तरांत जन्माची नोंद करून पोर्तुगालचीं नागरिक होतात, त्यांच्याविषयींहि नाहीं. हीं माणसें पोटासाठीं जातात, आणि जेथें जातात तेथें राहतात. नव्या द्विजास मात्र बेटावर राहावयाचें नसतें. त्याचा दुसरा जन्म वकिलाच्या कचेरींत होतो व टपालानें घरीं येतो.

मुळांत 'दुसरें नागरिकत्व' हा शब्दच भारतीयांच्या बाबतींत फसवा आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या ९ व्या कलमान्वयें, स्वेच्छेनें परदेशाचें नागरिकत्व घेतलें कीं भारताचें नागरिकत्व त्याच क्षणीं संपतें. जुना पासपोर्ट परत करावा लागतो; तो बाळगून त्यावर प्रवास करणें हा गुन्हा आहे. २००५ पासून मिळूं लागलेल्या 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' या कार्डाच्या नांवांत नागरिक हा शब्द असला, तरी कार्डधारकास मत देतां येत नाहीं, निवडणुकीस उभें राहतां येत नाहीं, शेतजमीनहि विकत घेतां येत नाहीं. तेव्हां हा ग्राहक दुसरें घेत नाहीं. पहिलें देऊन दुसरें घेतो. दोन्ही ठेवूं म्हणणारा तें चोरून ठेवतो, आणि मग ज्या निर्धास्तपणासाठीं हा सारा खटाटोप, त्याचा पहिलाच दिवस धास्तींत जातो.

बरें, खासगीपणा तरी मिळतो काय? या बाबतींत सेंट किट्सचाच अनुभव बोलका आहे. २०१२ च्या सुमारास त्या देशाच्या पासपोर्टांतून जन्मस्थान गाळण्यांत आलें. ग्राहकास याहून काय हवें? गृहस्थ तेहरानांत जन्मला कीं मॉस्कोंत, हें त्या पुस्तकावरून कोणास कळूंच नये! पण युक्ति अंगलट आली. २०१४ च्या मे महिन्यांत अमेरिकेच्या अर्थखात्यानें या पासपोर्टांविषयीं बँकांना जाहीर इशारा दिला. नोव्हेंबरांत कॅनडानें सेंट किट्सच्या नागरिकांवर व्हिसाची सक्ति बसविली. आणि जानेवारी २०१२ ते जुलै २०१४ या काळांत दिलेले पासपोर्ट परत मागवून त्यांवर जन्मस्थान, व नांव बदललें असल्यास तोहि बदल, नमूद करण्याची पाळी त्या सरकारवर आली. यांतील मर्म निराळेंच आहे. कॅनडाची सक्ति पैसे देऊन झालेल्या नागरिकांपुरती नव्हती. बासेटेरच्या बंदरावर मासे विकणाऱ्या, ज्याच्या आज्या-पणज्यांनीं तोच किनारा पाहिला अशा माणसालाहि, टोरोंटोच्या बहिणीकडे जावयाचें तर त्या दिवसापासून व्हिसा काढणें आलें. खासगीपणा घेणाऱ्यानें अडीच-तीन लाख डॉलर मोजले खरे, पण हिशेब कोळ्याच्याहि नांवावर पडला.

पैशाविषयींची समजूत तर याहून भोळी आहे. २०१४ सालीं ठरलेल्या व २०१७ पासून अमलांत आलेल्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेनुसार शंभरावर देशांतील बँका परकीय खातेदारांची माहिती कर खात्यांमार्फत एकमेकांच्या देशांस कळवितात, आणि भारत या देवघेवींत पहिल्या वर्षापासून आहे. ही माहिती कोठें धाडावयाची हें खातेदाराच्या नागरिकत्वावरून नव्हे, तर करासाठीं तो कोठला रहिवासी आहे यावरून ठरतें. मुंबईंत राहून बेटाचें पुस्तक दाखविणारा मनुष्य खोटें लिहून देईल तरच या जाळ्यांतून निसटेल. आणि तें पुस्तक मिळविण्यासाठीं त्यानें काय काय उघडें केलेलें असतें? पोलिसांचा दाखला, बँकांचे हिशेब, पैसा कोठून आला याचा इतिहास, डॉक्टरचें प्रमाणपत्र, सारें दलालाच्या, त्यानें नेमलेल्या वकिलाच्या व बेटाच्या सरकारनें नेमलेल्या खासगी तपासनिसांच्या हातांतून जातें. जें सख्ख्या भावास सांगितलें नाहीं तें चार खंडांतील अनोळखी कारकुनांस सांगावयाचें, आणि यास खासगीपणा म्हणावयाचें!

मुंबईचे हिरेव्यापारी मेहुल चोक्सी यांनीं २०१७ सालीं अँटिग्वाचें नागरिकत्व मिळविलें, आणि २०१८ च्या जानेवारींत, पंजाब नॅशनल बँकेचें प्रकरण उघडकीस येण्यापूर्वीं, ते देशाबाहेर गेले. त्यांच्यावरील आरोपांचा निवाडा न्यायालयांचें काम आहे. तो आमचा विषय नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, त्यांचें नांव सर्वतोमुखीं झालें तें त्यानंतरच, आणि २०२५ च्या एप्रिलांत बेल्जियममध्यें त्यांस अटक झाली तेव्हां अँटिग्वाचें नागरिकत्व आड आलें नाहीं.

यावर असा आक्षेप येईल कीं, अशीं उदाहरणें देणें सोपें आहे; परंतु जुलमी राजवटींत सांपडलेल्या लेखकास, किंवा जिवावर उठलेल्या नवऱ्यापासून लपूं पाहणाऱ्या स्त्रीस सुटकेची वाट नको काय? आक्षेप वजनदार आहे. त्यांस वाट हवीच. पण अशा किती जणांजवळ अडीच लाख डॉलर असतात? खरोखर पळावें लागतें तो मनुष्य रात्रीं मूल खांद्यावर घेऊन पळतो व निर्वासितांच्या छावणींत वर्षानुवर्षें कागदाची वाट पाहतो. कागद नसलेल्यांच्या वांट्यास हा बाजार आला, तो कोणत्या रूपानें हें कोमोरोस बेटांच्या कथेंत दिसतें. संयुक्त अरब अमिरातींत पिढ्यान् पिढ्या राहूनहि ज्यांस कोणत्याच देशाचें नागरिकत्व नाहीं, अशा 'बिदून' लोकांसाठीं अमिरातींनीं पैसे मोजले आणि कोमोरोसनें २००८ सालीं केलेल्या कायद्याच्या आधारें घाऊक पासपोर्ट दिले. ज्यांच्या नांवें ते निघाले त्यांनीं तीं बेटें कधीं पाहिलींहि नव्हतीं. घरचा देश ज्यांस आपलें म्हणेना, त्यांस परका कागद देऊन रीतसर परके करण्यांत आलें. श्रीमंतास जें मोकळीक म्हणून मिळतें तेंच गरिबाच्या हातीं हद्दपारीचा हुकूम होऊन येतें.

नव्या आरंभाची कल्पना आम्हांस कोणाकडून उसनी आणावयाची नाहीं. आमच्या धर्मशास्त्रानें संन्यास हा जिवंतपणींचा मृत्युच मानला आहे. संन्यास घेणारा स्वतःचें श्राद्ध स्वतः करतो, नांव टाकतो, आणि घरादारावरील त्याचा हक्क तेथेंच सरतो. इंग्रजी अमदानींतील न्यायालयांनींहि हा नागरी मृत्यु मान्य केला, आणि १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांत जोडीदारानें संन्यास घेणें हें घटस्फोटाचें एक कारण म्हणून घालण्यांत आलें. या व्यवहाराची मेख अशी कीं, नांवाबरोबर धनहि टाकावें लागतें. नव्या द्विजास नांव येथें टाकावयाचें असतें व धन बरोबर न्यावयाचें असतें. मागें ठेवावयाचें तें फक्त देणें. आणि आपला समाज नवा आरंभ किती कृपणपणें देतो, हेंहि महाराष्ट्रास निराळें सांगावयास नको. विठ्ठलपंत काशीस संन्यास घेऊन गुरूच्या आज्ञेनें पुन्हां संसारांत आले, तेव्हां आळंदीकरांनीं त्यांस वाळींत टाकलें व त्यांच्या चार लेंकरांस 'संन्याशाचीं पोरें' म्हणून हिणविलें, ही परंपरागत कथा घरोघरीं ठाऊक आहे. त्या घराला बेट कोण देणार होतें?

खासगीपणासाठीं देश सोडावा लागतो, हें तरी खरें काय? कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश पुट्टस्वामी यांनीं २०१२ सालीं, वयाचीं ऐंशी वर्षें उलटून गेल्यावर, आधार योजनेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला. खासगीपणा हा मूलभूत हक्कच नव्हे, असें सरकारतर्फें तेथें सांगण्यांत आलें. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं नऊ न्यायाधीशांनीं तें म्हणणें एकमतानें फेटाळलें. तो विजय पूर्ण नव्हता. पुढच्याच वर्षीं त्याच न्यायालयानें आधार योजना बऱ्याच अंशीं उचलून धरली, आणि व्यक्तिगत माहितीच्या २०२३ च्या कायद्यांत सरकारनें आपल्या यंत्रणांना त्या कायद्यांतून वगळण्याची मुभा स्वतःकडे ठेवली. म्हणजे भांडण्यासारखें पुष्कळ शिल्लक आहे. पण ज्यांना वकील देतां येतो, ज्यांचें पत्र वर्तमानपत्र छापतें, ज्यांचा फोन अधिकारी उचलतो, तींच माणसें स्वतःपुरता खासगीपणा विकत घेऊन मोकळीं होऊं लागलीं, तर हें भांडण कोणाच्या पदरीं पडतें?

पारध्यांच्या पदरीं पडतें, असें म्हणावेंसें वाटतें. १८७१ च्या कायद्यानें ज्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या, त्यांतील अनेकांना सोलापुरास तारेच्या कुंपणाआड ठेवीत व हजेरी घेत. १९५२ सालीं तो कायदा रद्द झाला आणि तीं माणसें 'विमुक्त' झालीं. तरी गांवांत चोरी झाली कीं पोलिसांचीं पावलें प्रथम त्यांच्याच पालांकडे वळतात. सरकारच्या नजरेआड राहण्याची व पाटी कोरी करून घेण्याची गरज यांच्याहून कोणास अधिक आहे?

आणि पैशाच्या पाटीचें म्हणाल, तर प्रामाणिक नादारास, न्यायालयापुढें सारें उघड करून, ऋणमुक्त होण्याची वाट १९०९ व १९२० च्या नादारीच्या कायद्यांनींच दिली होती. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेंत तर 'नवा आरंभ' अशाच अर्थाच्या नांवाचें एक स्वतंत्र प्रकरण आहे. ज्याचें वार्षिक उत्पन्न साठ हजार रुपयांहून, मालमत्ता वीस हजारांहून आणि कर्ज पस्तीस हजारांहून अधिक नाहीं, व ज्यास स्वतःचें घर नाहीं, त्यास कर्जांतून सोडविण्याची योजना त्यांत लिहून ठेवलेली आहे. २०१९ च्या डिसेंबरांत संहितेच्या या भागांतील कलमें अमलांत आणलीं गेलीं, तीं कंपन्यांच्या कर्जांस वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरतीं. 'नव्या आरंभा'चें प्रकरण त्या वेळीं बाजूस ठेवण्यांत आलें, आणि पस्तीस हजारांचा ऋणको होता तेथेंच राहिला.