स्वयंपाक न येणाऱ्या बाईंचे स्वयंपाकघर

मार्गारेटे श्यूटे-लिहोट्स्की या बाईंना स्वयंपाक येत नव्हता, हे आधीच सांगितलेले बरे. कारण त्यांचे जे काम जगभर गेले, ते स्वयंपाकघराचेच! आज आपण ओट्यापाशी उभ्या राहून हात लांबवला की डबा हाती येतो, त्यामागे कोणाचे तरी डोके असेल, हे सहसा मनात येत नाही.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात घरांची मोठी टंचाई होती. नगरपालिकेने हजारो नवी बिऱ्हाडे बांधायला काढली, आणि त्या कामाचे प्रमुख एर्न्स्ट माय यांनी व्हिएन्नाहून या बाईंना बोलावून घेतले. वय तिशीच्या आत. ऑस्ट्रियात वास्तुशास्त्र शिकलेल्या अगदी पहिल्या बायकांपैकी त्या एक. बाईमाणसाकडून घर कोण बांधून घेणार, अशी तेव्हा सगळ्यांनाच शंका.

१९२६ साली त्यांनी आखलेले स्वयंपाकघर १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब होते. म्हणजे जेमतेम सहा फूट बाय अकरा फूट! एवढ्यात मावायचे काय? बाईंनी कोणत्या कामाला किती पावले आणि किती वेळ लागतो ते मोजले. आगगाडीच्या भोजनडब्यातले चिंचोळे स्वयंपाकघर न्याहाळले. मग खिडकीखाली काम करायची फळी, पुढ्यात फिरते स्टूल, साखर-तांदळासाठी ओतायला सोपे असे अॅल्युमिनियमचे खण. पिठाचा खण मात्र ओकच्या लाकडाचा, कारण त्यात अळ्या होत नाहीत. इस्त्रीची फळी भिंतीत मिटणारी. सालपटे फळीवरून थेट खालच्या खणात. रंग निळसर, कारण त्यावर माशा बसत नाहीत म्हणे! अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे शहरात बसली.

तक्रारीही झाल्या, आणि त्या खोट्या नव्हत्या. दोघींना एकदम उभे राहता येईना; खालचे खण पोरांच्या हाताला लागत. पुढे तर, या खोलीने गृहिणीला एकटीला कोंडले, असाही आक्षेप आला. तो मला निम्मा पटतो. पण बाईचा वेळ आणि तिचे पाय यांचीही काही किंमत आहे, हे कागदावर मांडून दाखवणे त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

बाईंना खरा राग होता तो निराळ्याच गोष्टीचा. बाई आहे, तेव्हा घरच्या अनुभवातूनच तिला हे सुचले असणार, असे लोक धरून चालत. त्या बजावून सांगत, की मी कधी घर चालवले नव्हते. हे वास्तुशिल्पीचे काम आहे, अन्नपूर्णेचे नव्हे. आणि कामे काय थोडी होती? रशियात बालमंदिरे आखली. तुर्कस्तानात राहिल्या. हिटलरविरुद्धच्या गुप्त कामासाठी १९४० च्या अखेरीस व्हिएन्नाला परतल्या, तर महिन्याच्या आत पकडल्या गेल्या. शिक्षा १५ वर्षांची. सुटका १९४५ साली, युद्ध संपताना. त्या कम्युनिस्ट होत्या, म्हणून पुढे मायदेशातही सरकारी कामे फारशी मिळाली नाहीत.

भेटायला येणारा मात्र विषय काढी तो स्वयंपाकघराचाच. म्हातारपणी त्या वैतागून म्हणत, की लोक एवढ्याचविषयी विचारत बसतील हे ठाऊक असते, तर ते मेले स्वयंपाकघर मी केलेच नसते. १९९७ साली शंभराव्या वाढदिवसाला व्हिएन्नाच्या महापौरांबरोबर त्या वॉल्ट्झ नाचल्या. २००० च्या जानेवारीत त्या गेल्या, १०३ व्या वाढदिवसाला पाच दिवस उरले असताना.