सहल बर्फाची, पण संध्याकाळ कोणाची?

(बी. ए. भाग २ मधील एका विद्यार्थिनीकडून)

यंदाची सहल कोठे न्यावी, या प्रश्नावरून आमच्या महाविद्यालयात जे रण माजले आहे ते वाचकांस ठाऊक आहेच. दरसाल विजापूर, बदामी, फार झाले तर महाबळेश्वर, हा आमचा ठरलेला रस्ता. यंदा मात्र कोणीतरी मोबाईलवर बर्फावर धावणारी स्कूटर दाखविली, आणि तेव्हापासून करजगी-अफझलपूरच्या उन्हात भाजून निघालेल्या आम्हा मंडळींना बर्फावाचून दुसरे काही सुचेनासे झाले आहे. "सर, दिवसा स्नो-स्कूटर आणि रात्री नाईट-लाईफ, दोन्ही असेल असेच गाव बघा," अशी विद्यार्थ्यांची मागणी आहे. 'नाईट-लाईफ' हा शब्द कानी पडताच प्राध्यापकांच्या खोलीत कोणकोणती चित्रे उभी राहिली असतील ती असोत. कानडी विभागाच्या मैत्रिणींनी त्याचा साधा अर्थ लावला: जेवण झाल्यावर बाजारातून एक चक्कर. माझाही अर्थ तोच आहे.

तीन नावे चर्चेत आहेत: गुलमर्ग, औली आणि मनाली. माझे मत मनालीला आहे. कारणे सांगते.

गुलमर्गच्या पक्षाचे म्हणणे असे की, बर्फ पाहावा तर तिथलाच. हे खरे आहे. समुद्रसपाटीपासून साडेआठ हजार फुटांहून उंच, आणि तिथून दोरीवरचा पाळणा अफरवाटच्या डोंगरावर जवळजवळ तेरा हजार फुटांपर्यंत नेतो. परंतु गुलमर्ग हे गाव नव्हे, कुरण आहे; नावाचा अर्थच फुलांचे कुरण. तिथे राबणारी पुष्कळशी माणसे संध्याकाळी खाली टंगमर्गकडे उतरतात, आणि मागे राहतात हॉटेले व अंधार. शिवाय २०२४ च्या जानेवारीत तिथेही बर्फ पडला नव्हता, उघड्या मैदानाची छायाचित्रे सर्व वर्तमानपत्रांत आली होती. आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामला जे घडले, त्यानंतर काश्मीरच्या अर्जावर आमच्याकडचे किती पालक सही करतील, हे मी सांगायला नको.

औलीची उतरण सुंदर आहे म्हणतात; पण तीही उतरणच, गाव खाली जोशीमठ. त्या जोशीमठात २०२३ च्या जानेवारीत घरांना तडे गेले, माणसांना राहती घरे सोडावी लागली, औलीचा रोपवे बंद करावा लागला. ज्यांच्या पायाखालची जमीन खचली त्यांच्या अंगणात चाळीस जणांची मौज घेऊन जाणे मला तरी प्रशस्त वाटत नाही.

राहिली मनाली. कलबुर्गीहून कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्ली, तिथून रात्रीची बस. गावापासून तेरा-चौदा किलोमीटरवर सोलंग नाला. थंडीत बर्फ असला की स्नो-स्कूटर तिथेच चालतात. तिथे नसला तर नऊ किलोमीटरचा अटल बोगदा आहे, तो २०२० च्या ऑक्टोबरात खुला झाला. पलीकडे लाहूलमध्ये सिस्सू आणि कोकसर. रोहतांगची खिंड मात्र थंडीत बंद असते. तिथे तर २०१५ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने स्नो-स्कूटर, घोडे वगैरे सर्वच धंद्यांवर बंदी घातली होती, कारण धुराच्या काजळीने बर्फ काळा पडू लागला होता. आपण बर्फ पाहायला जातो आणि जाताना तो काळा करून येतो, हेही ध्यानात असू द्यावे.

आता खुद्द त्या स्कूटरविषयी. माझे एक मामा सडक बांधणाऱ्या दलात असताना दोन वर्षे तिकडे होते. ते म्हणतात, चालविणारा पुढे बसतो, आपण त्याच्या मागे, आणि एक लहानसा फेरा मारून पाच-दहा मिनिटांत खाली उतरवतात. संपले! या वाहनाचा इतिहास मात्र ऐकण्यासारखा आहे. कॅनडातील क्वेबेक प्रांतात जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डिए नावाचा एक यंत्रकुशल माणूस होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फाने बंद असल्याने त्याला इस्पितळात नेता आले नाही, आणि मूल दगावले. बर्फावर चालणारी गाडी तयार करण्याच्या ध्यासाला त्यानंतर अधिकच धार आली. १९३७ साली त्याची सात जणांना नेणारी गाडी बाजारात आली आणि १९५९ साली 'स्की-डू' नावाची लहान स्कूटर. २०२० च्या ऑक्टोबरात भीमेने आमच्या तालुक्यातील गावे वेढली तेव्हा घरात आजारी माणूस असणे म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिले त्यांना त्या बापाचे दुःख परके वाटणार नाही.

सांगायचा मुद्दा असा की, बर्फावरची मौज फार तर दहा मिनिटांची. संध्याकाळ मात्र रोज तीन-चार तासांची, आणि मुक्काम तीन रात्रींचा. म्हणून गाव निवडायचे ते संध्याकाळ पाहून. मनालीचा माल रोड दिव्यांनी उजळलेला असतो, त्यावर माणसे पायी हिंडतात, शाली-टोप्यांची दुकाने आहेत, आणि सिड्डू नावाचा वाफवलेला पदार्थ तूप घालून मिळतो. मामांच्या मते तो आपल्या कडबूचा पहाडी भाऊ.

पण ही संध्याकाळ आम्हा मुलींच्या वाट्याला येणार आहे काय? गेल्या वर्षी महाबळेश्वरला साडेसात वाजता आमची मोजणी करून आम्हाला खोल्यांत धाडण्यात आले. मुले बाजारपेठेत दहापर्यंत होती. परत आल्यावर खिडकीखाली उभे राहून त्यांनी स्ट्रॉबेरी-क्रीमचे जे रसभरीत वर्णन केले, ते आमचे महाबळेश्वर! आमच्याबरोबरच्या मॅडम दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. बाजार त्यांनीही पाहिला नाही. वर्गणी मात्र सर्वांची सारखीच होती. २०२३ च्या जूनपासून आम्हाला राज्यात सरकारी बसचे तिकीट लागत नाही, ही मोठीच सोय झाली. परंतु शेवटच्या तासानंतर वाचनालयात बसले, तर घरी पोहोचेपर्यंत किती जणांना उत्तरे द्यावी लागतात ते आमचे आम्हालाच ठाऊक.

सरांची भीती खोटी आहे असे मी म्हणत नाही. ८ जून २०१४ रोजी हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची सहल मनालीकडेच निघाली होती. मंडी जिल्ह्यात थलौटजवळ मुले-मुली बियास नदीच्या खडकांवर छायाचित्रे काढत उभी होती. वरच्या लारजी धरणातून पाणी सोडले गेले आणि चोवीस विद्यार्थी व सहलीबरोबरचा एक जण वाहून गेला. हैदराबाद आपल्याला परके नाही. ती बातमी आमच्या घरोघर अजून सांगितली जाते. परंतु नीट पाहा: ते संकट उजेडात आले, नदीच्या पात्रात आले, आणि मुलगा-मुलगी पाहून आले नाही. तेव्हा नियम करायचाच तर नदीत कोणीही उतरू नये असा करावा. साडेसातचा नियम करायचा असेल तर तोही सर्वांना एकच असावा. नऊपर्यंत सर्वांनी गटागटाने हिंडावे, दर गटाबरोबर एक सर किंवा मॅडम असाव्यात, आणि लॉज माल रोडजवळ घ्यावा; चार पैसे वाचविण्यासाठी गावाबाहेर घेऊ नये.

(मनालीत हिडिंबेचे लाकडी देऊळ आहे, १५५३ सालचे. महाभारतातली ही बाई ऐन रात्री अरण्यात हिंडत होती म्हणूनच तिला भीम भेटला. आम्ही भीमाकाठच्या मुली तिचे दर्शन घेऊन साडेसातला खोलीत बसणार, हे तिला तरी रुचेल का?)

तुरीची रास झाली की पैसे देतो, असे अप्पांनी कबूल केले आहे. गेल्या सालची गोष्ट मी त्यांना सांगितली, तेव्हा ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "खोलीतच बसायचं असलं तर एवढ्या लांब कशाला जातीस बाई? गाणगापूरच्या धर्मशाळेत बस की." अर्जाची मुदत येत्या शनिवारी संपते. माझा अर्ज भरून तयार आहे. राहण्याच्या व्यवस्थेचे उत्तर सूचना-फलकावर लागले की देईन.