मोटारीची ओ आली नाही तर?



विहिरीवरच्या मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवल्यापासून अंधारात शेतावर जाण्याचे पुष्कळांचे हेलपाटे वाचले आहेत. साप-विंचवाचे भयही कमी झाले. घरबसल्या बटण दाबावे आणि मोटार सुरू व्हावी, ही सोय लहान नव्हे. मात्र तिच्याबरोबर एक नवा प्रश्न आला आहे. मोबाईलवर 'मोटार चालू' असे दिसते. ती आत्ता चालू आहे, की मघाशी चालू होती?

लांबच्या तुकड्यात पाणी धरणाऱ्या गड्याला आपण हाक मारतो. ओ आली नाही, तर तो कामात गुंतला आहे की घरी गेला आहे, हे बांधावरून कळत नाही. मोबाईलच्या संपर्काचेही तसेच आहे. तो तुटताना आवाज होत नाही. तुटलेला संपर्क आणि नुसता गप्प असलेला संपर्क बाहेरून सारखेच दिसतात. रेंज कमी असली की ओ उशिरा येते, आणि मग ओळखणे आणखी अवघड होते.

यावर उपाय एकच, मधून मधून ओ घेत राहणे. इंटरनेटवरच्या संगणकांचे जे नियम १९८९ साली लिहिले गेले, त्यांत अशी चौकशी करण्याची सोय आहे. पण वेगळे काही ठरवले नसेल, तर चौकशीआधी निदान दोन तास थांबावे, असे त्यांत म्हटले आहे. दोन तासांत आपली विहीर तळाला जाईल आणि कोरडी फिरणारी मोटार जळून जाईल.

१९९९ साली अँडी स्टॅनफोर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तेलाच्या पाइपलाइनीवर दुरून देखरेख ठेवण्यासाठी एमक्यूटीटी ही पद्धत तयार केली. उपग्रहाचा संपर्क महाग आणि मंद होता, म्हणून थोडक्या बोलण्यात काम भागवायचे होते. तीत यंत्राने ठरलेल्या मुदतीत एकदा तरी 'आहे' असे कळवायचे असते. मुदतीच्या दीडपट वेळ गेली तरी निरोप नाही, तर संपर्क तुटला असे धरतात. मुदत ६० सेकंदांची असेल, तर ९० सेकंद वाट पाहायची. शिवाय यंत्र जोडले जातानाच जणू मृत्युपत्र करून ठेवते: 'मी अचानक गप्प झालो, तर अमक्याला कळवा.' तुटलेल्याला स्वतः निरोप देता येत नाही, म्हणून ही तजवीज आधीच करायची.

यातून आपण घ्यायचे ते असे:

१. पडद्यावरच्या 'चालू' या शब्दाशेजारी वेळ दिलेली असेल, तर ती पाहा. जुन्या वेळेचे 'चालू' ही जुनी बातमी समजा.

२. आठ दिवस सकाळ, दुपार, रात्री यंत्राला स्थिती विचारा आणि उत्तराला किती सेकंद लागले ते वहीत लिहा. सर्वांत उशिरा आलेले उत्तर ४० सेकंदांचे असेल, तर ८० सेकंद थांबा. घाई केली, तर फुकटचे हेलपाटे पडतात आणि 'लांडगा आला रे' सारखी गत होऊन खऱ्या वेळी कोणी उठत नाही.

३. एकदा ओ आली नाही म्हणून घाबरू नका. तीनदा विचारा. तिन्ही वेळा उत्तर नाही, तर संपर्क तुटला असे धरा. वीज गेली असेल, टॉवर बंद असेल किंवा यंत्रातल्या सिमचा रिचार्ज संपला असेल. रिचार्जची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

४. एकाच मिस्ड कॉलने मोटार आलटून पालटून चालू-बंद होत असेल, तर ती रचना बदलून घ्या. पहिला कॉल पोहोचला की नाही या शंकेने दुसरा दिला, तर बंद झालेली मोटार पुन्हा सुरू होईल. 'चालू'ची सूचना वेगळी आणि 'बंद'ची वेगळी हवी. 'बंद' दोनदा सांगितल्याने काही बिघडत नाही.

५. मोटारीला आपली राखण आपण करता आली पाहिजे. टायमर, पाणी संपल्यावर मोटार थांबवणारे ड्राय-रन यंत्र आणि सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवून घ्या. आपला निरोप पोहोचला नाही, तरी मोटार ठरल्या वेळी थांबेल.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. रेंज नसताना पाठवलेला एसएमएस वाटेत अडकून राहतो आणि संपर्क आल्यावर, कधी कधी तासांनी, पोहोचतो. सकाळी पाठवलेली 'चालू'ची सूचना दुपारी पोहोचली आणि त्याच वेळी घरचे कोणी पेटीत हात घालून बसले असेल, तर? म्हणून मोबाईलवर 'बंद' दिसते एवढ्यावर विसंबून मोटारीला, पेटीला वा वायरीला कधीही हात लावू नका. आधी मेन स्विच पाडा, फ्यूज काढून खिशात ठेवा, वीज नाही याची टेस्टरने खात्री करा आणि मगच काम करा. ही गोष्ट घरातल्या बायकामुलांना आणि गड्यालाही सांगून ठेवा.

मोटार गेली तर ती पुन्हा भरून घेता येते. माणूस गेला तर तो परत येत नाही.