पाणी आणि ॲल्युमिनियम: जमत नाही ते नाही

'कंपॅटिबिलिटी'ला मराठीत काय म्हणायचं? कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या माझ्यासारखीला शब्द चटकन सुचत नाही. आमच्या पालमला लोक सरळ 'जमतं' किंवा 'जमत नाही' म्हणतात. तर मित्रमैत्रिणींनो, ॲल्युमिनियमच्या हीट पाईपचं आणि पाण्याचं जमत नाही. तरी प्रोजेक्टचा मोसम आला की कुणीतरी हे लग्न लावायला निघतंच!

मोह समजण्यासारखा आहे. ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा स्वस्त, वजनाला एक तृतीयांशाहूनही कमी. पाण्याचा सुप्त उष्मा १०० अंशांना किलोमागे सुमारे २२५७ किलोज्यूल. कागदावर जोडी झकास!

हीट पाईप म्हणजे हवा काढून, थोडा द्रव भरून कायमची बंद केलेली नळी. गरम टोकाला द्रवाची वाफ होते, ती थंड टोकाला उष्णता सोडते आणि द्रव होऊन परत येते. पण ॲल्युमिनियम आणि पाण्याच्या क्रियेतून हायड्रोजन तयार होतो. त्याचा तिथे द्रव होत नाही. वाफ त्याला थंड टोकाकडे ढकलते आणि तो तिथेच ठाण मांडून बसतो. तेवढी नळी बाद.

कुणी म्हणेल, टपरीवर जर्मनच्या पातेल्यात वर्षानुवर्षं चहा उकळतोय, त्याला काय झालं? प्रश्न रास्त आहे. पण पातेलं उघडं असतं, वायू उडून जातो. धातूवरचा ऑक्साईडचा थर क्रिया मंद करतो, कायमची थांबवत नाही. बंद नळीत वायू फक्त साठत राहतो.

मग उपाय? इस्रोच्या उपग्रहांत ॲल्युमिनियमच्या हीट पाईपमध्ये अमोनिया असतो. पण तो विषारी, आणि २५ अंशांनाच त्याचा दाब सुमारे १० बार. अमेरिकेत पाण्यात परमँगनेट आणि क्रोमेटचे क्षार घालून ऑक्साईडचा थर टिकवण्याचे प्रयोग झालेत. अभ्यासाला उत्तम, पण तसलं क्रोमियमही विषारीच. त्यापेक्षा आपल्या लॅपटॉपमध्ये बघा: नळी तांब्याची, आत पाणी, आणि बाहेरच्या पट्ट्या बहुधा ॲल्युमिनियमच्या. ज्याचं काम त्याला!

माझा खरा राग मात्र धातूवर नाही, आपल्या दहा मिनिटांच्या डेमोवर आहे. ही नळी पहिल्या दिवशी छान चालते. एक्झामिनर खूश, मार्क पदरात. पण पालमसारख्या गावात माणूस सोलर हीटरवर एकदाच पैसे घालतो. पुढच्या थंडीत पाणी कोमट आलं, तर तो म्हणणार, "सोलर म्हणजे फसवणूक." चूक नळीची, बदनामी अख्ख्या तंत्राची.

म्हणून सरांना विनंती: व्हायव्हात 'किती वॅट?' याच्याबरोबर 'किती दिवस?' हेही विचारा. महिनाभर नळी तापवून दर आठवड्याला दोन्ही टोकांचं तापमान टिपायला दोन थर्मोकपल पुरतात. तितक्याच उष्णतेला फरक वाढत गेला, तर आत वायू साठतोय असं समजावं. रिपोर्टात तो आलेख नसेल, तर प्रोजेक्ट पुरा झाला असं म्हणू नये.

- तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी