सनद आणि पेढी

वाणिज्य शाखेतील व्यापाऱ्याचा मुलगा ‘व्यावसायिक कायदा’ हा विषय बहुधा उत्तीर्ण होण्यापुरताच वाचतो. करार कायदा १८७२ चा, मालविक्रीचा १९३० चा, भागीदारीचा १९३२ चा, ही सनावळ परीक्षेनंतर विसरली जाते. वस्तुतः भागीदारी कायद्याचे ६९ वे कलम घरच्या चोपड्याशीच निगडित आहे. पेढी नोंदणीकृत नसेल, तर करारापोटीचे येणे वसूल करण्यासाठी तिला त्रयस्थावर दिवाणी दावा लावता येत नाही. मालवणच्या पेढीने उधारीवर दिलेल्या काजूचे पैसे बुडाले, तर चोपड्यातील नोंद चोख असूनही हात बांधलेले राहतात. त्या त्रयस्थाला मात्र पेढीवर दावा लावण्याची मोकळीक असते! काका-पुतण्यांच्या विश्वासावर चाललेल्या पेढ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

अशा अभ्यासातून कोणास वकिलीची ओढ लागली, तर पदवीनंतर तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम आहे. त्यासाठी राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि खुल्या प्रवर्गास पदवीला किमान ४५ टक्के गुण लागतात. विधी महाविद्यालय कुडाळलाही आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे कोल्हापूर फिरते खंडपीठ (सर्किट बेंच) सुरू झाल्याने सिंधुदुर्गच्या वकिलाची मुंबईची वारीही टळली आहे.

परंतु प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी एका गोष्टीचा विचार घरात व्हावयास हवा. ‘मुलगा वकील होईल आणि दुकानही पाहील’ हा हिशेब चुकीचा आहे. वकील परिषदेच्या नियमांनुसार सनदधारकास स्वतः व्यापार करता येत नाही. व्यवसाय वकिलीच्या प्रतिष्ठेस बाधक नसेल, तर निष्क्रिय भागीदार राहता येते. वारसाहक्काने आलेल्या कौटुंबिक व्यवसायात हिस्सा ठेवता येतो, पण कारभारात भाग घेता येत नाही. कंपनीचे संचालकपद चालते, व्यवस्थापकीय संचालकपद नाही.

हे बंधन पदवीचे नव्हे, सनदेचे आहे. सनद न घेता पेढी सांभाळणाऱ्याचे विधी शिक्षण वाया जात नाही; करारनामा स्वतः वाचणारा मालक पेढीला लाभतो. एक भावंड गादीवर आणि दुसरे न्यायालयात, ही वाटणी त्याहून सरस. वकिलीसाठी मुलाचेच नाव पुढे करण्याचेही कारण नाही. सनद घेणारे अपत्य आधीपासून सक्रिय भागीदार असेल, तर अर्जापूर्वीच भागीदारीपत्र बदलून घ्यावे आणि पेढी नोंदलेली असल्यास तो बदल निबंधकाकडे कळवावा.