फुकट फुलांचा हिशेब

माघ सरता सरता मुंबईत फुलांचा हंगाम सुरू होतो. भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, म्हणजे लोकांच्या राणीच्या बागेत, मुंबई महापालिकेचे वृक्ष प्राधिकरण दरवर्षी झाडे, फुले, फळे व भाज्यांचे प्रदर्शन भरवते. त्याला प्रवेशमूल्य नसते. चाळीतील कुटुंबे, उपनगरांतील नोकरदार आणि शाळांची मुले तेथे गर्दी करतात. दोन खोल्यांच्या संसारात कुंडी ठेवायलाही जागा नसलेला माणूस गुलाबाच्या ताटव्यापुढे घटकाभर उभा राहतो. या गर्दीला हसणारे हसोत. अमेरिकेतील कामगार स्त्रियांच्या चळवळीने विसाव्या शतकाच्या आरंभीच भाकरीबरोबर गुलाबांचीही मागणी केली होती. सौंदर्य ही धनिकांची मिरास नव्हे, हे सांगण्याची गरज आजही संपलेली नाही.

परंतु ‘फुकट’ या शब्दाची थोडी झडती घेतली पाहिजे. हे प्रदर्शन म्हणजे पालिकेने केलेली मेहेरबानी नव्हे. महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रांसाठी 1975 साली झालेल्या वृक्षविषयक कायद्याने वर्षातून एकदा असे प्रदर्शन भरवणे हे वृक्ष प्राधिकरणाचे कर्तव्यच ठरवले आहे. त्याच कायद्याच्या आधारे नागरिक मालमत्ता करासोबत वृक्ष करही भरतात. म्हणजे फुलांचे मोल आधीच चुकते झालेले असते. आणि प्रदर्शनाचे मोजके दिवस सोडले तर उरलेल्या वर्षाचे काय? याच उद्यानाचे प्रौढांसाठी पाच रुपये असलेले तिकीट पेंग्विन आल्यानंतर 2017 साली पन्नास रुपये करण्यात आले. ज्या बागेत मजूर रविवारी सहज मुलाबाळांना घेऊन जात असे, तेथे जाण्यापूर्वी त्याला खिसा चाचपावा लागू लागला. वर्षभर दार आखडते करायचे आणि तीन दिवस ते सताड उघडून औदार्य मिरवायचे, ही रीत लोकशाही नगरपालिकेला शोभणारी नाही.

दार उघडे असले तरी त्या दारापर्यंत पोचावे लागते. उत्तनच्या कोळीवाड्यातील मासे विकणाऱ्या स्त्रीला हे प्रदर्शन पाहायचे असेल, तर बसने भाईंदर स्थानक, तेथून लोकलने दादर, मग गाडी बदलून भायखळा असा प्रवास करावा लागेल. भाडे जाईल ते जाईल, त्या दिवसाची विक्रीही बुडेल. तिकिटाविना मिळणारी वस्तू तिच्यापुरती अशी महाग होते. बुडालेल्या रोजगाराला खर्चात धरायचे असते, हे अर्थशास्त्र शाळकरी मुलालाही शिकवते. नगरपालिकांच्या अंदाजपत्रकांना मात्र ते अद्याप शिकवता आलेले नाही.

वस्तुतः उत्तनच्या माणसाला फुले पाहण्यासाठी भायखळ्याला जावे लागणे म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. ठाणे जिल्ह्याच्या या किनारपट्टीवरील टेकड्यांवर शिशिर संपताना पळस पेटतो, पांगारा लाल होतो, काटेसावरीच्या निष्पर्ण फांद्यांवर मोठाली फुले येतात. या प्रदर्शनाला मांडव लागत नाही, उद्घाटनासाठी मंत्री लागत नाही, माळी लागत नाही. खरेखुरे फुकट जर काही असेल तर ते हे. आणि नेमके तेच आता धोक्यात आले आहे.

दहिसर ते भाईंदर या मेट्रो क्रमांक 9 च्या कारशेडसाठी आधी राई-मुर्धा भागातील जागा ठरली होती. तेथील ग्रामस्थांनी विरोध केल्यावर ती उत्तनजवळच्या डोंगरीकडे सरकवण्यात आली. 2025 साली सुमारे 12 हजार 400 झाडांवर कुऱ्हाड चालवण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा उत्तन-डोंगरीच्या रहिवाशांनी व पर्यावरणप्रेमींनी हरकती नोंदवल्या, आंदोलने केली. त्याआधी मीरा-भाईंदर शहराचा कचरा वर्षानुवर्षे उत्तनच्याच धावगी डोंगरावर ओतला गेला आणि त्या ढिगांना लागलेल्या आगींचा धूर गावाने सोसला. शहराची घाण ज्याच्या वाट्याला, त्याच्याच वाट्याची सावली पुन्हा शहरासाठी काढून घ्यायची, असा हा व्यवहार आहे.

मेट्रो नको, असे कोणताही समाजवादी म्हणणार नाही. लोकलच्या दारात लोंबकळत कामावर जाणाऱ्याला सुखाचा प्रवास मिळालाच पाहिजे. 2011 च्या जनगणनेत आठ लाखांवर लोकसंख्या असलेल्या या शहराला सार्वजनिक वाहतूक हवी, यात दुमत नाही. प्रश्न हिशेबाचा आहे. दादरच्या बाजारात विकली गेलेली माळ राष्ट्रीय उत्पन्नात मोजली जाते. डोंगरावर फुललेला पळस मोजला जात नाही. ज्याला भाव नाही त्याला मोल नाही, असे एकदा गृहीत धरले की झाडांची जागा नेहमीच सर्वांत स्वस्त ठरते आणि प्रत्येक प्रकल्प तिकडेच वळतो. बदली झाडे लावण्याचे आश्वासन दिले जाते. पण एका गावाची पन्नास वर्षांची सावली दुसऱ्या गावाच्या रोपांनी भरून निघत नाही. नुकसान एकाचे आणि भरपाई भलत्याला, याला भरपाई म्हणत नाहीत.

जपानात अठराव्या शतकात शोगुन तोकुगावा योशिमुने याने एदो, म्हणजे आजच्या टोकियोतील आसुकायामा टेकडीवर चेरीची झाडे लावून ती सामान्यांसाठी खुली केली. एका सरंजामी सत्ताधीशाला जे सुचले ते लोकनियुक्त सत्तेला सुचू नये, हे नवल आहे. तेथे लोक फुलांना कुंडीत बसवून शहरात आणत नाहीत. झाडाखालीच जाऊन बसतात. टेकडी राखली म्हणून उत्सव राहिला.

कार्यकर्त्यांनी ही बाब रंजनाची म्हणून दूर सारू नये. 1975 चा कायदा मीरा-भाईंदर महापालिकेलाही लागू आहे. दर पाच वर्षांनी वृक्षगणना करण्याचे बंधन त्याच कायद्यात आहे. ती गणना प्रभागवार जाहीर करण्याची मागणी करावी. वृक्ष कराची रक्कम किती जमली आणि कोठे खर्च झाली, याचा जमाखर्च मागावा. दोनशे वा अधिक झाडे तोडण्याचा प्रस्ताव राज्य वृक्ष प्राधिकरणाकडे जावा, अशी तरतूद 2021 च्या दुरुस्तीने झाली होती. झाडतोडीचा निर्णय ज्या पातळीवर होतो तेथे गावकऱ्यांच्या हरकती कागदोपत्री पोचतात की नाही, हे पाहावे. फुलांचे प्रदर्शन एखाद्या सभागृहात न भरवता फाल्गुनात उत्तनच्या टेकडीवर, उभ्या झाडांखाली भरवावे, असा आग्रह धरावा. राणीच्या बागेचे दारही आठवड्यातून निदान एक दिवस मुलांना विनामूल्य असावे.

फुले कुंडीत आली की ती समारंभाची होतात. डोंगरावर राहिली तर ती गावाची असतात. समारंभाचा खर्च अंदाजपत्रकात दिसतो, गावाचे नुकसान दिसत नाही. ते दिसेल अशा रीतीने मांडणे हे चळवळीचे काम आहे, आणि पुढचा पळस फुलण्याआधी ते हाती घ्यावयास हवे.