‘डायरेक्ट’वाले आणि ‘फेका’वाले

घरातला ओटीजी, म्हणजे ओट्यावरचा छोटा ओव्हन, एकाएकी थंड पडला की दोन सल्लागार हमखास भेटतात. टायमर टिकटिकत असतो, कारण साध्या ओटीजीचा टायमर चावीवर चालतो, त्याला वीज लागत नाही. दिवा मात्र लागत नाही आणि रॉड लाल होत नाहीत. पत्र्याचं आवरण काढलं की अनेकदा पांढऱ्या स्लीव्हमध्ये दडलेला, बोटाच्या पेराएवढा थर्मल फ्यूज उडालेला निघतो. पहिला सल्लागार म्हणतो, “डायरेक्ट करून टाका.” दुसरा म्हणतो, “फेका, नवा घ्या.” पहिला दुरुस्तीच्या दुकानात भेटतो, दुसरा बहुधा घरातच. वरवर हे एकमेकांचे विरोधक वाटतात, पण माझ्या मते दोघे एकाच पक्षाचे आहेत. फ्यूज का उडाला, हा प्रश्न दोघांनाही नको असतो.

डायरेक्टवाल्यांची बाजू आधी नीट मांडू, ती अगदीच पोकळ नाही. ते म्हणतात, तापमान राखायला थर्मोस्टॅट आहे आणि तो ठीक आहे. फ्यूज जुना झाला की विनाकारणही जातो. शिवाय घरात एमसीबी आहे. मग दोन टोकं जोडली तर बिघडलं कुठे?

यातलं मधलं विधान खरं आहे. या फ्यूजच्या एका प्रकारात ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या रसायनाची बारीक गोळी असते. ती घट्ट आहे तोवर स्प्रिंग दाबलेली राहते. गोळी वितळली की स्प्रिंग सुटते आणि संपर्क कायमचा तुटतो. दुसऱ्या प्रकारात गोळीच्या जागी लवकर वितळणारा मिश्रधातू असतो. मर्यादेच्या आसपास वर्षानुवर्षं तापत राहिलेली गोळी झिजते आणि वेळेआधी दगा देते. पण म्हातारपणाने गेलेला फ्यूज आणि खरोखरच्या अतितापाने गेलेला फ्यूज बाहेरून सारखेच दिसतात. दुसरी शक्यता नाकारायला डायरेक्टवाल्याकडे पुरावा काय?

“थर्मोस्टॅट ठीक आहे” हाच त्याचा पुरावा. बंद पडलेल्या ओव्हनचा थर्मोस्टॅट चालताना यांनी पाहिला कधी? थर्मोस्टॅटचा संपर्क दर वेळी जोडताना-तुटताना बारीक ठिणगी पडते आणि कधीतरी तो चिकटून बसतो. मग नॉब १५० वर ठेवा नाहीतर २५० वर, रॉड विझत नाही. थंड ओव्हनमध्ये नॉब वर फिरवून मल्टिमीटर लावला, तर चिकटलेला संपर्कही जोडलेला दाखवतो आणि निरोगी संपर्कही. फरक कळतो तो तापल्यावरच.

राहिला एमसीबी. हा गैरसमज सुशिक्षित घरांतही मुरलेला आहे. १५०० वॉटचा ओव्हन २३० व्होल्टवर साधारण साडेसहा अँपिअर घेतो. थर्मोस्टॅट चिकटला तरी तो साडेसहाच घेतो, फक्त थांबायचं तेव्हा थांबत नाही. एमसीबी प्रवाह मोजतो, उष्णता मोजत नाही, त्यामुळे त्याच्या लेखी सगळं आलबेल असतं. आरसीसीबी गळती पकडतो. इथे गळतीही नाही. पत्रा किती तापलाय हे घरातल्या सगळ्या वायरिंगमध्ये फक्त त्या पेराएवढ्या फ्यूजला कळतं, आणि आपण नेमकं त्यालाच काढून टाकायचं! चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजमध्ये तार वारंवार जाते म्हणून दुहेरी तार घालणारे काका ज्यांना आठवतात, त्यांना ही वृत्ती नवी वाटणार नाही.

आता फेकावाले. मजुरी द्या, हेलपाटे घाला, वर भरवसा नाही. त्यापेक्षा काही हजारांत नवा, गॅरंटीसकट. हिशेब बिनतोड दिसतो, पण त्यात एक गृहीत लपलंय: दोष ओव्हनचा होता. ओव्हन भिंतीला चिकटवून ठेवलेला, वरच्या झरोक्यांवर क्रोशाचा रुमाल, खालच्या ट्रेवर स्वच्छतेच्या हौसेने पसरलेला ॲल्युमिनियम फॉइल, अशा घरात नवा ओव्हनही त्याच वाटेने जाणार. त्यातही असाच फ्यूज असतो. पन्नास रुपयांच्या आत मिळणाऱ्या वस्तूपायी आठ-दहा किलोचा पत्रा, काच आणि तांबं भंगारात घालायचं, याला मी शहाणपण म्हणणार नाही. आतला कप्पा गंजून आरपार गेला असेल किंवा वायरींचं आवरण जागोजागी करपलं असेल, तर मात्र खुशाल फेका. तिथे वाद नाही.

फेकावाल्यांना बळ कुणाचं आहे, हेही बघायला हवं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीचा कायदाच केला. पण त्याच्या यादीत कपडे धुण्याचं यंत्र, फ्रिज, व्हॅक्यूम क्लीनर, मोबाइल आहेत, ओट्यावरचा छोटा ओव्हन नाही. मोठ्या यंत्रांचे हक्क मोठे. ओटीजीच्या मागच्या पट्टीवर व्होल्ट, वॉट, हर्ट्झ सगळं छापतात. आतला फ्यूज किती अंशांचा, हे छापलेलं मला अजून आढळलेलं नाही.

तिसरा एक सावध आवाज असतो: वीज आहे, हात लावू नका. मायक्रोवेव्हच्या बाबतीत तो आवाज अगदी बरोबर आहे. त्यातला हजारो व्होल्टच्या मंडलातला कपॅसिटर पिन काढल्यावरही जीव घेऊ शकतो. त्याचं झाकण घरी उघडू नये, विषय संपला. साध्या नॉबवाल्या ओटीजीत तसा साठा नसतो. पण नुसता स्विच बंद करणं पुरत नाही, कारण आपल्याकडे सॉकेटात फेज-न्यूट्रल उलट जोडलेले सर्रास सापडतात. पिन उपटून डोळ्यांसमोर ठेवायची. मल्टिमीटर कधी हातात धरला नसेल, तर ओव्हन दुकानात द्यावा, मात्र “डायरेक्ट नको” हे बजावून आणि जुना फ्यूज परत मागून घेऊन.

कारण दुरुस्तीची गुरुकिल्ली त्या जुन्या फ्यूजवरच छापलेली असते: तापमान, अँपिअर, व्होल्ट. नवा त्याच तापमानाचा हवा; अँपिअर आणि व्होल्ट तेवढेच किंवा जास्त चालतील. “ओव्हन २५० अंशांपर्यंत जातो, मग २५० चा घाला” हा तर्क चुकीचा आहे. फ्यूज कप्प्यात नसतो, बाहेरच्या पत्र्यालगत असतो, आणि तिथे किती तापू द्यायचं हे तो ओव्हन आखणाऱ्याने ठरवलेलं असतं. शेजारणीच्या ओव्हनचा आकडा म्हणूनच आपल्या कामाचा नाही. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. जुना नमुना खिशात घेऊन गेलं की शोध सोपा होतो.

बसवताना सगळ्यात मोठी चूक सोल्डरची. सोल्डरिंग आयर्नची उष्णता तारेतून गोळीपर्यंत पोचते आणि नवा फ्यूज बसायच्या आधीच उडतो. शिवाय नेहमीचं सोल्डर १९० अंशांच्या आसपास पाघळतं. ओव्हनच्या पोटात ते कशाला? उष्णता सोसणारे धातूचे क्रिम्प वापरावेत आणि पकडीने घट्ट दाबावेत, कारण ढिला सांधा स्वतःच तापून फ्यूज उडवतो. स्लीव्ह जुनीच चालेल, फाटली असेल तर काचतंतूंचीच आणावी. वायरीवर गुंडाळायची साधी प्लास्टिकची टेप इथे वितळेल. फ्यूज मुळात जिथे क्लिपने पत्र्याला टेकवला होता, तिथेच टेकवावा. हवेत लोंबकळणाऱ्या फ्यूजला ताप कळतच नाही. झाकण लावल्यावर, पिन सॉकेटात घालण्यापूर्वी, पत्रा आणि अर्थची जाड पिन जोडलेली आहे ना, आणि पत्रा इतर दोन पिनांपासून तुटलेला आहे ना, हे मल्टिमीटरवर पाहावं.

मग रिकामा ओव्हन १८० वर लावून समोर उभं राहावं. थर्मोस्टॅटची टिक ऐकू यायला हवी, रॉड विझायला हवेत, थोड्या वेळाने पुन्हा पेटायला हवेत. विझलेच नाहीत तर पिन काढायची. थर्मोस्टॅट बदलल्याशिवाय ओव्हन वापरायचा नाही. झरोके मोकळे आहेत, थर्मोस्टॅट विझतोय आणि तरीही काही दिवसांत फ्यूज पुन्हा गेला, तर तिसरा आणायला धावू नये. आधी क्रिम्प उघडून सांधा काळा पडलाय का ते पाहावं, पंखा असलेलं मॉडेल असेल तर पंखा फिरतोय का तेही.